पडलेल्या माणसाला मंडळीत परत घेताना: कृपेचा खर्च कोणी उचलायचा?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या बहुतांशी लहान आहेत. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, नेरूळ या भागांत कितीतरी मराठी उपासना शाळेच्या सभागृहात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. अनेक कुटुंबांची मुळे अहिल्यानगर, जालना, सोलापूर या बाजूची आहेत आणि त्यांच्यात आपसात सोयरिकी झालेल्या आहेत. त्यामुळे इथे कोणाचे पाऊल घसरले की ती गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून गावाकडच्या मंडळीत जाते, तिथून दोन्हीकडच्या सासरी-माहेरी जाते, आणि ज्याने चूक केली त्याच्याशी एक शब्दही न बोलता त्याचा निकाल लागून जातो.

अशा वेळी मंडळी साधारणपणे दोनपैकी एक मार्ग धरते. माणूस वजनदार असेल तर प्रकरण झाकले जाते, साधा असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवली जाते. या दोन्हींत समान असलेली एक गोष्ट मला फार खटकते: दोन्हीकडे मंडळीला स्वतः काहीच सोसावे लागत नाही. झाकण्याची किंमत ज्याचे नुकसान झाले तो मोजतो, आणि हाकलण्याची किंमत चुकलेल्याचे कुटुंब मोजते. पवित्र शास्त्रातली कृपा अशी फुकट नाही. जो ती देतो तो तिचा खर्च उचलतो, आणि हा लेख त्या खर्चाची तरतूद प्रत्यक्षात कशी करावी याबद्दल आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित प्रसंग सोबत ठेवू. एका मंडळीच्या खजिनदाराने इमारत निधीतले १,२०,००० रुपये ऑनलाइन ट्रेडिंगमध्ये घालवले. त्याचा विचार महिन्याभरात परत भरण्याचा होता, ते जमले नाही, आणि पासबुक भरून आणल्यावर सगळे उघडकीला आले. त्याला पत्नी आहे, दहावीतली मुलगी आहे, आणि त्याच निधीत स्वतःच्या पेन्शनमधून पैसे टाकणाऱ्या एक वृद्ध विधवा आजी दर रविवारी त्याच्या मागच्या रांगेत बसतात.

आधी पाया: सोडवणूक म्हणजे काय

लेवीयच्या २५व्या अध्यायात असा नियम आहे की कोणी गरिबीमुळे आपले वतन विकले, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ते सोडवून घ्यावे. रूथ या परदेशी विधवेच्या पुस्तकात तिच्या सासरचा नातलग बवाज हेच करतो. त्याच्या आधीचा, अधिक जवळचा नातलग शेत घ्यायला तयार असतो, पण रूथचाही स्वीकार करावा लागेल असे कळताच आपल्या वतनाची हानी होईल म्हणून मागे सरतो. बवाज ती झीज पत्करतो. प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्रात हीच गोष्ट ख्रिस्ताविषयी सांगतो: तुमची सुटका सोन्यारुप्याने झाली नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली. म्हणजे सोडवणारा हा नात्यातला असतो, आणि पैसे त्याच्या खिशातून जातात.

प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्र मंडळीच्या प्रत्येक पंचाने समोर ठेवावे असे आहे. फिलेमोनाकडून पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतो आणि लिहितो की याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. नुकसान झालेच नाही असे पौल म्हणत नाही, आणि फिलेमोनाने ते मुकाट्याने सोसावे असेही म्हणत नाही. तो स्वतः मध्ये उभा राहतो. पुढच्या सर्व पायऱ्यांचा आधार हा आहे.

पहिली पायरी: नुकसान कोणाचे झाले ते आधी पाहावे

बातमी कळल्यावर पहिला फोन चुकलेल्याला करू नये. प्रथम वडील मंडळातल्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांतल्या, दोघा-तिघांनी बसून नेमके काय घडले ते कागदावर लिहावे: तारखा, रक्कम, कोणाकोणाला झळ बसली. ऐकीव गोष्टी वेगळ्या आणि पासबुकात दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्यानंतर ज्यांना झळ बसली त्यांच्या घरी जावे. आमच्या उदाहरणात त्या आजींकडे जाणे हे पहिले काम आहे, आणि तिथे गेल्यावर “आजी, आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा करायला हवी” हे वाक्य उच्चारू नये. त्यांना राग येण्याचा हक्क आहे. स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या तक्रारी थोड्या नाहीत, आणि त्या गाळून आपण तिचे वाचन करत नाही. “तुमचे पैसे कुठे गेले ते आम्ही शोधतो आहोत, आणि ते परत येईपर्यंत ही जबाबदारी आमची आहे” एवढे सांगून त्यांचे ऐकून घ्यावे.

इथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल, तर तो मंडळीत मिटवण्याचा विषयच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि न देणे हा २१व्या कलमाखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत. घरात मारहाण होत असेल तर पत्नीला “सांभाळून घे” म्हणणे म्हणजे तिच्या अंगावर दुसऱ्याच्या पापाचा खर्च टाकणे आहे. गुन्हेगारालाही कृपा मिळू शकते, तुरुंगातही मिळू शकते, पण कायद्यापासून त्याला लपवणे ही कृपा नव्हे.

पैशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर निधी विश्वस्तांच्या मालकीचा नसतो. त्यामुळे “जाऊ द्या, सोडून देऊ” असे म्हणण्याचा अधिकार पाळकांना नाही आणि वडील मंडळालाही नाही. हिशेब तपासनिसाला खरे सांगावे, वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि मगच परतफेडीचे बोलावे.

दुसरी पायरी: भेट

मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने जा, मग एकदोघांना सोबत घे, आणि त्यानंतर मंडळीला सांग. आपल्याकडे तो नेमका उलट्या क्रमाने पाळला जातो. पैशाच्या किंवा पदाच्या प्रकरणात सुरुवातीलाच दोघांनी जाणे मला योग्य वाटते, कारण नंतर कोण काय बोलले यावरून वाद होतात. त्या दोघांपैकी एक जण असा असावा, ज्याच्याशी त्याची मैत्री आहे.

भेट त्याच्या घरी नको, कारण तिथे मुलगी भिंतीपलीकडून ऐकत असते, आणि चर्चच्या कार्यालयातही नको, कारण तिथे तो खजिनदार म्हणून बसत आला आहे. ठाण्यात मासुंदा तलावाच्या कडेला किंवा उपवनला सकाळी लवकर चालत बोलता येते. शेजारी शेजारी चालताना समोरासमोर नजर द्यावी लागत नाही, आणि माणूस मोकळा होतो. योहानाच्या २१व्या अध्यायात पुन्हा उठलेला प्रभू पेत्राला भेटतो तेव्हा किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते. आधी तो शिष्यांना जेवू घालतो. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तीन वेळा विचारलेला प्रश्न जेवणानंतर येतो. मात्र तो येतोच, हेही लक्षात ठेवावे. न्याहारी देऊन प्रभूने विषय टाळला नाही.

बोलण्याची सुरुवात साधी असावी. “दादा, पासबुक आम्ही पाहिले आहे. तुम्हाला धरायला आलो नाही, पण खोटे बोलायला जागाही ठेवायची नाही. काय झाले ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे.” एवढे बोलून थांबावे. तो रडेल, किंवा चिडेल, किंवा पत्नीच्या आजारपणाचे कारण सांगेल. कारण ऐकून घ्यावे, ते खरेही असू शकते, पण कारण संपल्यावर पुन्हा त्याच प्रश्नाकडे यावे. पाप लपवलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गोष्ट सांगितली ती त्याने स्वतःच्या तोंडाने निवाडा द्यावा म्हणून, आणि “तो मनुष्य तूच आहेस” हे त्यानंतर आले. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो त्याप्रमाणे अशाला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणायचे आहे, आणि तसे करताना स्वतःवरही लक्ष ठेवायचे आहे.

भेटीच्या शेवटी त्याला घरी एकटे सोडू नये. मत्तयाच्या २७व्या अध्यायातला, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा प्रसंग आपण घाईने वाचतो. तो पस्तावला, तीस रुपये घेऊन मुख्य याजकांकडे परत गेला, आणि आपण पाप केले असे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. कबुली होती, पैसे परत करण्याची तयारी होती. ज्यांच्याकडे तो गेला त्यांनी मात्र ‘आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा’ असे म्हणून त्याला वाटेला लावले, आणि तो जाऊन मेला. पेत्राने नाकारले ते याच रात्री, पण त्याला परत यायला शिष्यांचे घर होते. म्हणून त्या आठवड्यात दररोज कोणीतरी फोन करावा. जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलणे करून द्यावे, किंवा १९०१पासून ठाण्यात असलेल्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोबत जावे. प्रार्थना करावीच, पण डॉक्टरऐवजी नव्हे.

तिसरी पायरी: कबुली, आणि ती किती जणांसमोर

कॅथलिक बांधवांसाठी प्रायश्चित्त संस्काराची वाट आहे. धर्मगुरूंनी तिथे ऐकलेले कोणत्याही कारणासाठी उघड करायचे नाही, असे चर्चच्या कायद्याचे ९८३वे कलम सांगते, त्यामुळे “फादर, तो तुमच्याकडे काय बोलला?” हे विचारूच नये. मात्र पापक्षमा मिळाली म्हणून चोरलेले परत करण्यातून सुटका होत नाही, हेही चर्चची शिकवण स्पष्टपणे सांगते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा बांधीव विधी नसतो, म्हणून तिथे ही पायरी अधिक विचाराने ठरवावी लागते.

माझा नियम असा आहे की नुकसान जेवढ्या वर्तुळात झाले, कबुली तेवढ्याच वर्तुळात व्हावी. पती-पत्नीमधले पाप व्यासपीठावरून सांगून घेणे ही क्रूरता आहे. सगळ्यांच्या निधीतले पैसे गेले असतील, तर सगळ्यांना कळले पाहिजे. अशा वेळी निवेदन लिहून काढावे, ते चार-पाच वाक्यांचेच असावे, आणि उपासनेनंतर, पाहुणे गेल्यावर, सभासदांपुढे वाचावे. “इमारत निधीतून १,२०,००० रुपये मी परवानगीशिवाय काढले व गमावले. यात दुसरे कोणी सामील नाही. मी पद सोडले आहे. परतफेडीचे वेळापत्रक वडील मंडळाकडे दिले आहे. मी तुमची क्षमा मागतो.” यात पत्नीचे आजारपण नको आणि सैतानाने फसवले हेही नको. त्यानंतर पाळकांनी दोन गोष्टी सांगाव्यात: हे निवेदन कोणी रेकॉर्ड करून पुढे पाठवायचे नाही, आणि या कुटुंबाशी बोलणे कोणी बंद करायचे नाही.

चौथी पायरी: परतफेड

जक्कय या जकातदाराने प्रभूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे ठरवले. लेवीयच्या ६व्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक घालून परत करण्यास सांगितले आहे. कोणालाही हे ओझे वाटेल, पण मी उलट पाहिले आहे. फेड ठरली की चुकलेल्या माणसाला मान वर करता येते, कारण त्याच्या पश्चात्तापाला करण्याजोगे एक काम मिळते.

आमच्या उदाहरणात दरमहा ५,००० रुपये धरले तर २४ महिने लागतील. हे लेखी असावे, रक्कम बँकेतून जावी, रोख कोणाच्या हाती देऊ नये, आणि पावती दर वेळी मिळावी. हप्ता ठरवताना मुलीची फी आणि घरभाडे आधी बाजूला काढावे. तो १०,००० देतो म्हणाला तरी घेऊ नयेत, कारण तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा कर्ज काढेल.

मंडळीचा खर्च इथे सुरू होतो. त्या आजींना दोन वर्षे वाट पाहायला लावणे योग्य नाही. त्यांना पैशाची नड असेल तर वडील मंडळातल्या चार-पाच जणांनी आपापल्या खिशातून त्यांचे पैसे लगेच द्यावेत आणि हप्ते येतील तसे वळते करून घ्यावेत. हप्ता चुकला तर झीज त्यांना बसेल. पौलाने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते की मी फेडीन. मंडळीतल्या पाच जणांची एवढी तयारी नसेल, तर तिने कृपेवर प्रवचन करण्याआधी थांबून विचार करावा.

पाचवी पायरी: पहिला रविवार

कबुलीनंतरचा पहिला रविवार आधी ठरवल्याशिवाय नीट पार पडत नाही, म्हणून इथे बारीकसारीक गोष्टी सांगतो. शनिवारी संध्याकाळी एका कुटुंबाने त्यांच्याकडे फोन करून “उद्या आपण एकत्र जाऊ, पावणेदहाला खाली येतो” असे सांगावे. हॉलच्या दारात चपलांजवळ घोळका असतो, तिथे त्यांना एकट्याने उभे राहावे लागू नये. बसण्याची जागा नेहमीचीच असावी. मागे बसवले तर सगळ्यांना कळते आणि पुढे बसवले तर तमाशा होतो. अर्पणाची थैली त्याच्या हातात मोजायला जाणार नाही, पण ती त्याच्यासमोरून फिरेल आणि त्याने दहा रुपये टाकले तरी कोणी वळून पाहणार नाही, हे थैली फिरवणाऱ्या तरुणाला आधीच सांगून ठेवावे.

उपासनेनंतर चहाच्या वेळी खरी कसोटी असते. पत्नीजवळ एखाद्या वडीलधाऱ्या बाईंनी जाऊन उभे राहावे आणि मुलीच्या परीक्षेचे विचारावे, घडलेल्या प्रकाराचे विचारू नये. “आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय” हे वाक्य त्या दिवशी दहा जणांनी म्हटले तर ते दहा वेळा टोचते. मुलीला संडे स्कूलमध्ये किंवा तरुण संघात जे काम होते ते तसेच चालू राहावे. तिच्याकडून गाणे काढून घेतले, तर आईबापाच्या पापाची शिक्षा मुलाला देऊ नये हे यहेज्केलाच्या १८व्या अध्यायातले वचन आपण वाचले नाही असे समजावे.

प्रभुभोजनाबद्दल मंडळ्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकाने आपल्या पाळकांचे ऐकावे. माझे मत एवढेच की कोणाला काही काळ थांबवायचे असेल, तर तो काळ कधी संपणार ते त्याच दिवशी सांगावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल अशाच एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो की दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने खचून जाईल. शिक्षेला शेवट असतो, हे करिंथकरांनाही सांगावे लागले.

सहावी पायरी: क्षमा वेगळी, पद वेगळे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. वर्षभराने कोणीतरी म्हणते, “क्षमा केली ना, मग पुन्हा खजिनदार का करत नाही?” क्षमा एका दिवसात देता येते. विश्वास पाहण्यातून तयार होतो आणि त्याला वेळ लागतो. तीमथ्याला लिहिताना पौल सेवकांचीही आधी पारख व्हावी असे म्हणतो. योहान ऊर्फ मार्क पौल व बर्णबा यांचा सुवार्ताप्रवास पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला, तेव्हा पुढच्या फेरीत त्याला घ्यायला पौलाने नकार दिला आणि बर्णबाशी त्याचा तीव्र वाद झाला. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. पुढे तुरुंगातून लिहिताना पौलच म्हणतो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. दोघांचेही काहीतरी बरोबर होते असे मला वाटते, आणि प्रत्येक मंडळीला एक बर्णबा लागतो, जो कामाची वेगळी जागा शोधून देतो.

पैसे घालवलेल्याला पैशाचे काम पुन्हा द्यायचे नाही, ही त्याच्यासाठीही दया आहे. पण काम मात्र द्यायचे. पंडिता रमाबाईंनी केडगावला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले आणि आपल्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांच्या हाती विणकाम, शेती, छापखाना अशी खरी कामे दिली. आपल्याकडे खुर्च्या लावणे, आजाऱ्यांना भेटायला वाशीच्या किंवा कळव्याच्या रुग्णालयात जाणे, ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्या वृद्धांना स्टेशनवरून आणणे अशी कामे असतात. ती हलकी समजून देऊ नयेत, आणि दिल्यावर मंचावरून त्याचे कौतुकही करू नये.

पुन्हा घसरला तर

मूळ व्यसनात असेल तर हे घडण्याची शक्यता धरूनच चालावे. ट्रेडिंग किंवा जुगाराची ओढ दारूइतकीच घट्ट असू शकते. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत, आणि फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनसारख्या संस्था आहेत. पहिल्या वेळी तिथे सोबत जावे. फोनमधले ट्रेडिंगचे अ‍ॅप काढणे, पगार पत्नीच्या खात्यात वळवणे, महिन्यातून एकदा बँकेचे विवरण एका मित्राला दाखवणे, या तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात करून घ्याव्यात.

लूकच्या १७व्या अध्यायात प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, पस्तावला तर क्षमा कर, आणि दिवसातून सात वेळा आला तरी क्षमा कर. दोष दाखवणे आणि क्षमा करणे या दोन्ही आज्ञा एकाच वचनात आहेत, म्हणून दुसऱ्या वेळीही सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून घ्याव्यात: आधी झळ बसलेल्यांकडे जावे, मग त्याच्याकडे. हप्त्याचे वेळापत्रक नव्याने लिहावे, देखरेख वाढवावी, जामीन राहिलेल्या पाच जणांना विचारून घ्यावे, आणि त्यांच्यातला कोणी थकला असेल तर त्याला दोष न देता त्याच्या जागी दुसरा शोधावा.